‘समजावून सांगितले’

२०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी साडेतीनला साहेबांनी आत बोलावलं आणि पोलीस ठाण्याचं पत्र माझ्यापुढं सरकवलं. ‘कारवाईकामी दोन शासकीय पंच मिळणेबाबत.’ कसली कारवाई, कुठं, किती वेळ, काहीच लिहिलेलं नव्हतं. “तुम्ही आणि शिपाई जावा,” साहेब म्हणाले. “नाही म्हणता येत नाही.” खरंच येत नाही. लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारण नसताना पंच व्हायला नकार देणं हाच एक गुन्हा आहे. मला तेव्हा तेही माहीत नव्हतं. साहेबांना नाही म्हणता येत नाही, एवढंच माहीत होतं.

जीपमध्ये बसल्यावर हवालदारांनी काम सांगितलं. “गांजाची रेड आहे. आम्ही करतो ते बघायचं आणि शेवटी सही ठोकायची. नऊपर्यंत घरी.”

घरी पोचायला पावणेबारा वाजले.

मिरज मागं पडल्यावर म्हैसाळ रस्त्याला एका बंद ढाब्याच्या आडोशाला आम्ही दीड तास उभे होतो. डास, आणि लांब कुठंतरी हळद शिजत असल्याचा वास. अंधार पडायच्या बेतात एक पोरगं नायलॉनची बाजारची पिशवी घेऊन चालत आलं. विशीतलं असेल. पळालंसुद्धा नाही. दोघांनी दंड धरले तेव्हा त्याच्या पायातली एक चप्पल निसटली आणि ते सगळा वेळ त्या चपलेकडंच बघत राहिलं.

फौजदारांनी छापील कागद काढला. मोकळ्या जागांत नाव आणि वेळ तेवढी भरायची होती. आधी एक वाक्य असं होतं की तुला हवं असेल तर आमची आणि पंचांची झडती आधी तू घेऊ शकतोस. मग मुख्य मजकूर: तुझ्या ताब्यात गांजा असल्याची खात्रीलायक बातमी आहे, तुझी अंगझडती घ्यायची आहे, ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमक्ष घेतली जावी असा तुला कायद्याने अधिकार आहे. फौजदारांनी ते एका दमात वाचलं. खोटं कशाला सांगू, शब्द न् शब्द वाचला.

पोरगं नुसतं बघत होतं.

“राजपत्रित म्हणजे मोठा साहेब,” हवालदार म्हणाला. “पाहिजे का? रात्र जाईल बघ सगळी.”

पोरगं म्हणालं, “गोत्तिल्री.”

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होते. यार्डात वाढलेल्या पोराला एवढं कन्नड येतं, तिथले कितीतरी हमाल तिकडचेच. ‘गोत्तिल्री’ म्हणजे माहीत नाही, कळलं नाही हो. मिरजेत नोकरी केलेल्या हवालदारालाही ते कळलं असणारच. पण कागदावर उत्तर आधीच छापलेलं होतं: ‘मला त्याची गरज नाही, आपण झडती घ्यावी.’ त्याच्याखाली पोरानं मोडक्या अक्षरांत कन्नडमध्ये सही केली. त्याच्याखाली आम्ही दोघांनी.

अंगझडतीत एक मोबाईल आणि दोनशे सत्तर रुपये निघाले. गांजा पिशवीत होता, जाड प्लास्टिकमध्ये बांधलेला. जीपच्या बॉनेटवर छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला आणि नायलॉनची पिशवी आतल्या प्लास्टिकसकट, आहे तशी त्यावर चढवली. १ किलो १२० ग्रॅम. हवालदारानं आकडा पुकारला, रायटरनं लिहिला.

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पोतं काट्यावर चढलं की वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: बारदान किती धरायचं? रिकाम्या पोत्याचं वजन वजा झाल्याशिवाय ते आकडा पुकारत नसत, मग समोर शेतकरी असो नाहीतर अडत्या. हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण त्या रात्री मी घड्याळ बघितलं आणि गप्प बसलो.

पंचनामा ठाण्यात टाईप झाला. त्यात लिहिलं होतं, ‘सदर इसमास त्याच्या कायदेशीर हक्काबाबत समजावून सांगितले असता त्याने स्वखुशीने नकार दिला.’ मी चार पानं चाळली, पाचव्यावर सही केली.

ती गोष्ट मी विसरलो असं म्हणणार नाही. पण आठवतही नव्हतो.

मग आली २०२४ ची दिवाळी. त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचं नाव भलत्याच कारणानं राज्यभर गेलं होतं. फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, जप्त केलं आणि मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी बनवणारा कारखानाच पकडला, शंभर किलोच्या वर मालासकट. द्राक्षबागांच्या गावात एमडी! त्यानंतर घाटावर, मैदानावर, कॉलेजच्या मागं घोळक्यानं बसलेल्या पोरांना पोलीस हटकायला लागले. हटकायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. फक्त त्यात माझा भाचा सापडेल असं वाटलं नव्हतं.

रात्री साडेदहाला बहिणीचा फोन. “दादा, त्याला घाटावरनं उचललंय. ठाण्यातनं फोन आलाय, आईला घेऊन या, जबाब घ्यायचाय म्हणत्यात.”

मी आधी माझ्या शाळासोबती वकिलाला फोन केला. त्याची झोपमोड झाली होती तरी त्यानं जे सांगितलं ते मी पाकिटाच्या मागं लिहून घेतलं. ते पाकीट अजून आहे.

“ताईला नेऊ नको. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घ्यायचा तर त्यांनी घरी यावं. पोराला किती वाजता धरलं ती वेळ लिहून घे, चोवीस तास तिथनं मोजायचे. त्याच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. आणि पहिला प्रश्न एकच विचार: अटक आहे का? ‘बसवलंय’ नावाचा प्रकार कायद्यात नाही.”

“आणि पोराला काय सांगू?”

“नाव-पत्ता खरा सांग म्हणावं. अरेरावी नको, खोटं नको. बाकीचं वकील आल्यावर. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, घटनेतलं कलम २० आहे. आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही. खरं म्हणजे तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं लिहिलंय.”

हे शेवटचं मला पटेना. सही नसलेला कागद आमच्या ऑफिसात कुणी हातात धरणार नाही. पण आहे ते तसंच आहे. पंचनाम्यावर सही असते, नोटिशीच्या पोचेवर असते, जबाबावर नसते.

ठाण्यात अंमलदारांसमोर उभा राहिलो.

“भाच्याला आणलंय म्हणे.”

“बसवलंय हो. चौकशीला.”

“अटक आहे का?”

“अटक कुठाय?”

“मग नेऊ का घरी?”

“साहेब आल्याशिवाय कसं?”

“मग अटक आहे.”

अंमलदारांनी मान वर करून बघितलं. “वकील हाय काय तुम्ही?”

“नाही. पंच होतो एकदा.”

ते हसले, आणि त्यानंतर बोलणं जरा माणसांत आलं. मी आवाज चढवला नव्हता हे बरं झालं. हक्क माहीत आहेत म्हणून टेबल वाजवणारे एक गृहस्थ शेजारीच होते, दुसऱ्या पोराचे वडील. त्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं. मधल्या वेळात बाहेर टपरीवर एकजण येऊन कानाशी लागला, ‘साहेबांचं काहीतरी बघून घ्या, मिटतंय.’ त्याला मी म्हणालो, मिटवायला अजून काही लिहिलेलंच नाही.

वकील बाराला आला. चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, अगदी सगळा वेळ शेजारी बसवता येत नसलं तरी. पाच-सात मिनिटं भेट झाली. चौघांत मिळून एक भरलेली सिगारेट होती, तीही अर्धी ओढलेली. भाच्यानं खाली मान घालून सांगितलं, “मामा, तिसरी वेळ.” मारावंसं वाटलं, पण जागा ती नव्हती.

गुन्हा लागला अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम २७ चा, म्हणजे सेवनाचा. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोकेन, हेरॉईन असतं तर एक वर्ष आणि वीस हजार. मी सुस्कारा टाकला तसा वकील म्हणाला, “हलक्यात घेऊ नको. शिक्षा कमी म्हणजे जामीन हक्कानं, असं इथं नाही. या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय.” पण सात वर्षांच्या आतल्या शिक्षेला उठसूट अटक करायची नसते, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. पूर्वी त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचं एकेचाळीस-अ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, आता ते कलम ३५ आहे. सिव्हिलला नेऊन रक्त-लघवीचे नमुने घेतले, नोटीस हातात दिली आणि अडीचला सोडलं. मी नोटीस तिथंच उभ्यानं पूर्ण वाचली. तारीख पाळली नाही तर त्याच कारणासाठी अटक करता येते, हे भाच्याला तीनदा वाचायला लावलं.

वकिलानं घरी येऊन बहिणीला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं ती आईबापांना सगळ्यात कमी माहीत असते. कलम ६४-अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडले तर ती सवलत काढून घेता येते. “लोक उपचार लपवतात रे,” तो म्हणाला. “जे पुढं करायचं तेच लपवतात.” आमच्या पोराचं तिथवर गेलेलं नव्हतं, म्हणून त्याचं पुढचं इथं लांबवत नाही.

पण त्या रात्री एका गोष्टीनं मला गाठलं. घाटावरची झडती पोलिसांनी मोबाईलवर चित्रित केली होती. नव्या संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, म्हणून. भाचा म्हणाला, “सगळं रेकॉर्ड केलं त्यांनी, आम्ही काय बोललो तेसुद्धा.” मला एकदम म्हैसाळ रस्त्यावरचा तो एक शब्द आठवला. तो कुठंच रेकॉर्ड नव्हता. होता तो फक्त माझ्या डोक्यात, आणि माझ्या सहीखाली त्याच्या बरोबर उलटं लिहिलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी वकिलाकडून अमली पदार्थांचा तो १९८५ चा अधिनियम वाचायला आणला. कलम ५० सापडलं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१० मध्ये सांगितलंय की अंगझडतीआधी हा हक्क सांगणं बंधनकारक आहे, आणि तेही ‘तुला हा हक्क आहे’ असंच सांगायचं, नुसतं ‘पाहिजे का’ असं विचारून भागत नाही. मग प्रमाणाचा तक्ता बघितला. गांजा एक किलोच्या आत म्हणजे अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथं किमानच दहा वर्षं. आणि मधलं जे काही, एक किलोच्या वर एक ग्रॅम जरी असला तरी, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड.

१ किलो १२० ग्रॅम.

नायलॉनची बाजारची पिशवी आणि आतलं जाड प्लास्टिक. तोलाराच्या पोराला विचाराल तर दीडशे ग्रॅमच्या खाली नाही.

समन्स आलं २०२५ च्या ऑगस्टमध्ये. विजयनगरच्या कोर्टात सकाळी पैरवी अंमलदारांनी, म्हणजे कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलिसांनी, पंचनाम्याची प्रत हातात दिली. “वाचून घ्या साहेब. लिहिलंय तसं सांगा, लगेच सुटाल.” साडेतीन वर्षांनी मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. आरोपीच्या पिंजऱ्यात ते पोरगं होतं. जामिनावर सुटलेलं, दाढी राखलेली, मला ओळखलं नाही. त्याची वकील विधी सेवा प्राधिकरणानं दिलेली होती, तिशीची असेल नसेल. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाहेरच्यांनी १५१०० वर फोन करून विचारावं. फुकटचा वकील म्हणून आपण नाक मुरडतो, पण या बाईंनी फाईलचं पान न् पान खुणा करून आणलं होतं.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, पंधरा मिनिटांत झाला. गेलो होतो, हो. पकडलं, हो. सही माझीच, हो.

उलटतपासात बाई म्हणाल्या, “आरोपीला मराठी येत नव्हतं, बरोबर?”

“मला कल्पना नाही. माझ्यासमोर तो एकच शब्द बोलला. कन्नड.”

त्या थांबल्या. हे त्यांना अपेक्षित नसावं. न्यायाधीशांनीच विचारलं, “कोणता?”

“गोत्तिल्री.”

“अर्थ?”

“माहीत नाही.” स्टेनोनं माझ्याकडं बघितलं तेव्हा लक्षात आलं. “म्हणजे अर्थ मला माहीत आहे, साहेब. त्या शब्दाचाच अर्थ ‘माहीत नाही, कळलं नाही’ असा आहे.”

कोर्टात कुणीतरी हसलं. स्टेनोनं शब्द दोनदा विचारून टाईप केला.

“वजन केलं तेव्हा माल पिशवीतून बाहेर काढला होता का?”

“नाही. बारदानासकट केलं.”

सांगलीच्या कोर्टात बारदान समजावून सांगावं लागत नाही. न्यायाधीशांनी पंचनाम्याचं तिसरं पान काढलं, एक ओळ वाचली आणि पेननं खूण केली.

सरकारी वकील उठले. फितूर ठरवतात की काय म्हणून माझे हात गार पडले. त्यांनी एवढंच विचारलं, “मग सही का केलीत? कुणी धमकावलं होतं?”

“नाही.”

“मग?”

“उशीर झाला होता. घरी जायचं होतं.”

हे उत्तर द्यायला मला जितकं अवघड गेलं तितकं त्या दिवशी दुसरं काहीच गेलं नाही. धमकावलं होतं असं म्हणता आलं असतं तर सोपं होतं.

दुपारी कोर्टासमोर चहा पिताना त्या वकील मित्रानं माझा फुगा फोडला. “तुझ्या त्या कन्नड शब्दानं फार काही होईल असं धरू नको. कलम ५० अंगझडतीपुरतं. हातातल्या पिशवीला ते लागत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलंय आणि २०२३ मध्ये पुन्हा. अंगावर काय सापडलं? दोनशे सत्तर रुपये.”

“आणि बारदान?”

“त्याचं वजन पडेल. भेसळ असती तर तीही वजनात धरतात, २०२० पासून. पण पिशवी म्हणजे काय भेसळ नव्हे.”

मला ते उलटंसुलटं वाटलं, अजूनही वाटतं. माणसाला त्याचा हक्क कळला नाही याला काट्यावर वजन नाही, आणि नायलॉनच्या पिशवीला आहे. मित्र म्हणाला, तुला वाटण्याचं काम नाही, तू साक्षीदार. निकाल अजून लागायचा आहे.

चारला ऑफिससाठी हजेरीचा दाखला घ्यायला गेलो. बेंच क्लार्कनी छापील नमुन्यात नाव भरून, शिक्का मारून पुढं केला आणि पोचेच्या वहीत सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी दाखला आधी वाचला. तारीख आदल्या दिवशीची पडली होती.

“एवढं काय बघताय साहेब, चालतंय की,” ते म्हणाले.

दुरुस्त करून, नवा शिक्का मारून घ्यायला पंचवीस मिनिटं लागली. बस चुकली.